कोडमधून एपीआयचं स्पेसिफिकेशन: प्लगइनला काय दिसतं, काय दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षं जुनी स्प्रिंग बूटची (जावातलं वेब फ्रेमवर्क) सर्व्हिस, दीडशेच्या आसपास एंडपॉइंट्स (विनंती पाठवायचे पत्ते). त्यांची माहिती एका वर्ड फाइलमध्ये, आणि ती फाइल केव्हाच मागे पडलेली. मोबाइल टीम रोज चॅटवर विचारते, 'हे फील्ड नल (रिकामं) येऊ शकतं का?' आता एका भागीदार कंपनीने 'स्वॅगर फाइल' मागितली आहे, म्हणजे एपीआयला काय पाठवायचं आणि काय परत येतं याचं यंत्राला वाचता येणारं वर्णन, स्पेसिफिकेशन. मॅनेजर म्हणतात, प्लगइन टाका, कोडमधून आपोआप निघेल. टीममधले सीनियर म्हणतात, असल्या फाइलवर भरवसा ठेवता येत नाही, यामल (ही फाइल ज्या मजकूर-स्वरूपात लिहितात ते) हातानेच लिहायला हवं. बरोबर कोण, आणि सुरुवात कुठून करायची?

फाइल आपोआप निघेल. स्प्रिंगडॉक या, कोडवरून स्पेसिफिकेशन काढणाऱ्या लायब्ररीची डिपेंडन्सी टाकून ॲप सुरू केलंत की आजच निघेल. मॅनेजरचं तेवढं म्हणणं बरोबर आहे. पण फाइल नाही ही तुमची अडचण नाहीच, वर्ड फाइल तुमच्याकडे होतीच की. सर्व्हिस वागते एक, कागद सांगतो दुसरं, आणि ही फारकत ज्या दिवशी होते त्या दिवशी कुणाच्याच लक्षात येत नाही, ही खरी अडचण आहे. महिनाभराने मोबाइल ॲप क्रॅश झालं की मग शोधाशोध सुरू होते. त्यामुळे कुठलाही उपाय निवडताना मी आधी एवढंच बघतो: कोड आणि स्पेसिफिकेशन यांत फरक पडला तर बिल्ड लाल होतो का, म्हणजे कोड बांधून तपासणारी यंत्रणा तिथेच अडते का? होत नसेल, तर यामल हाताने लिहिलं काय आणि यंत्राने काढलं काय, वर्षभरात त्याचीही तीच गत होणार.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. सर्व्हिस अजून लिहायची असेल आणि दोन-तीन टीम एकदम कामाला लागणार असतील, तर मीही यामल आधी लिहून घेतो. त्यावरून प्रिझमसारखं टूल नकली उत्तरं देणारा सर्व्हर उभा करतं आणि मोबाइलवाल्यांना बॅकएंडसाठी ताटकळावं लागत नाही. तुमची सर्व्हिस मात्र चार वर्षं चालू आहे. तिथे खरं काय ते कोडमध्येच आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच करायची.

दुसरी गोष्ट भाषा आणि फ्रेमवर्कची. पायथनच्या फास्टएपीआयमध्ये टाइप हिंट्स आणि पायडॅन्टिकची मॉडेल्स याच विनंती तपासतात आणि याच स्पेसिफिकेशनलाही जातात, त्यामुळे निदान विनंतीच्या बाजूने दोघांत फारकत व्हायला वाव कमी. जँगोसाठी डीआरएफ-स्पेक्टॅक्युलर आहे. त्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे एखाद्या फील्डचा टाइप कळला नाही तर ते तसा इशारा देतं, आणि इशारा आला की बिल्ड पाडायची सोयही त्यात आहे. गो भाषेतलं स्वॅग किंवा एक्सप्रेसबरोबर वापरलं जाणारं स्वॅगर-जेएसडॉक हे मात्र फंक्शनच्या डोक्यावरच्या कॉमेंट्स वाचतात. कॉमेंट कंपायलर तपासत नाही. फंक्शन बदलतं, कॉमेंट तशीच राहते, आणि स्पेसिफिकेशन 'कोडमधून निघालेलं' असूनही चुकीचं असतं. दुसरा मार्ग असेल तिथे मी कॉमेंटवाला मार्ग घेत नाही. जावा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे: टाइप्स आहेत, पण बरंच काही टाइप्सच्या बाहेर घडतं.

स्प्रिंगडॉक काम कसं करतं हे एकदा समजून घेतलंत की पुढचं सगळं आपोआप उलगडेल. ते तुमचं ॲप चालू झाल्यावर स्प्रिंगलाच विचारतं, 'तुझ्याकडे कुठल्या पत्त्यावर कुठली मेथड नोंदवलेली आहे?' म्हणून पत्ते आणि गेट-पोस्ट वगैरे बहुतेक वेळा अचूक येतात. मग ते मेथडची पॅरामीटर्स आणि रिटर्न टाइप बघतं, त्या क्लासेसचे स्कीमा (फील्ड्सची नावं आणि प्रकार) बनवतं, आणि नॉटनल, साइझ, मिन, मॅक्स ही व्हॅलिडेशनची ॲनोटेशन्स (कोडवर लावलेल्या खुणा) स्कीमात उतरवतं. मेथडच्या आत काय लिहिलंय ते मात्र ते वाचत नाही. एकही ओळ नाही. म्हणजे निघालेली फाइल तुमचा कोड काय करतो हे सांगत नाही, मेथडच्या सहीवर (नाव, पॅरामीटर्स, रिटर्न टाइप) काय जाहीर केलंय तेवढंच सांगते. तुमच्या सीनियरची शंका इथूनच येते आणि ती रास्त आहे.

(जाता जाता: शोधल्यावर सापडणारे बरेच जुने लेख स्प्रिंगफॉक्स टाकायला सांगतात. त्याची शेवटची आवृत्ती २०२० मधली आहे आणि स्प्रिंग बूट २.६ पासून पत्ते जुळवण्याची पद्धत बदलल्यावर ते सुरू होतानाच अडखळतं. त्या वाटेला जाऊ नका. स्प्रिंग बूट ३ असेल तर स्प्रिंगडॉकची २ ची मालिका घ्या.)

आता फाइल नेमकी कुठे फसवते ते बघू. चार वर्षं जुन्या जावा कोडमध्ये मला बहुतेक ठिकाणी हेच सापडतं.

सगळ्यात उघड म्हणजे रिस्पॉन्सएन्टिटीच्या (उत्तराच्या वेष्टनाच्या) पुढे प्रश्नचिन्ह, म्हणजे आतला टाइप न सांगणं, किंवा स्ट्रिंग-ऑब्जेक्टचा मॅप परत करणारी मेथड. स्पेसिफिकेशनमध्ये तिथे नुसतं 'ऑब्जेक्ट' येतं. वाचणाऱ्याला त्यातून शून्य माहिती. इथे ॲनोटेशनचं ठिगळ लावण्यापेक्षा खरा रिस्पॉन्स क्लास करा आणि मेथडच्या सहीत तोच लिहा. ॲनोटेशनमध्ये वेगळा क्लास लिहिलात तर तोही कॉमेंटसारखाच: कंपायलर त्याची आणि परत जाणाऱ्या वस्तूची गाठ घालून देत नाही.

त्यानंतर मोबाइल टीमचा रोजचा प्रश्न. जावाच्या साध्या फील्डकडे बघून ते नल असू शकतं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, स्प्रिंगडॉकलाही नाही. रिक्वेस्टच्या क्लासेसवर आपण व्हॅलिडेशनसाठी नॉटनल लावलेलं असतं, त्यामुळे तिथे 'आवश्यक' बरोबर येतं. रिस्पॉन्सचे क्लास कुणी व्हॅलिडेट करत नाही, म्हणून तिथे ते लावलेलं नसतं, आणि फाइलमध्ये सगळीच फील्ड्स ऐच्छिक दिसतात. त्यावरून स्विफ्ट किंवा टाइपस्क्रिप्टचा क्लायंट तयार केला की प्रत्येक फील्ड ऐच्छिक, ग्राहकाचा आयडीसुद्धा. मग मोबाइलवाले जागोजागी नल तपासतात किंवा तपासत नाहीत, आणि दोन्हींत नुकसानच आहे. तुमच्या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा भाग हाच: रिस्पॉन्सच्या क्लासेसवरून एकेक करत फिरायचं आणि कुठलं फील्ड नेहमी येतं, कुठलं कधी येतं, हे ठरवून लिहायचं. डेटाबेसचा कॉलम नल घेतो का, मॅपिंग करताना काही गाळलं जातं का, हे बघितल्याशिवाय ते ठरत नाही. हे कुठलंही प्लगइन करून देणार नाही. कॉटलिन असतं तर यातलं बरंचसं भाषेनेच सांगितलं असतं.

तारीख-वेळेकडे खास लक्ष द्या. लोकलडेटटाइम प्रकारच्या फील्डला स्पेसिफिकेशनमध्ये 'डेट-टाइम' हे स्वरूप मिळतं. त्या स्वरूपामागचं मानक, म्हणजे आरएफसी ३३३९, सांगतं की शेवटी वेळेचा ऑफसेट हवाच: आपल्याकडे +०५:३० किंवा यूटीसीचा झेड. लोकलडेटटाइम ऑफसेटशिवायच बाहेर जातो. म्हणजे तुमची फाइल जे वचन देते ते तुमची सर्व्हिस पाळत नाही. आयफोनवरचा तारखेचा प्रमाणित पार्सर अशी तारीख सरळ नाकारतो. ब्राउझर नाकारत नाही, पण तो ती वेळ वापरणाऱ्याच्या स्थानिक वेळेत धरतो. तुमच्या सर्व्हरने भारतीय वेळ म्हणून पाठवलेले सकाळचे १०:०० दुबईतल्या माणसाला तिथले १०:०० दिसतात, जेव्हा तिथे प्रत्यक्षात ८:३० असतात. दीड तासाचा हा फरक चाचणीत सापडत नाही, कारण चाचणी करणारे सगळे भारतात बसलेले असतात. अशी फील्ड्स ऑफसेटडेटटाइममध्ये बदला. चालू क्लायंट मोडतील म्हणून लगेच बदलता येत नसेल, तर निदान फाइलमधून 'डेट-टाइम' हा शब्द काढा आणि वर्णनात खरं काय ते लिहा.

आयडी लाँग असेल तर स्पेसिफिकेशनमध्ये ६४ बिटांचा पूर्णांक येतो, आणि तो बरोबरच आहे. पण जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके राहत नाहीत. तुमचे आयडी डेटाबेसच्या साध्या क्रमाने वाढत असतील तर काळजी नको. स्नोफ्लेकसारख्या पद्धतीने तयार होणारे लांबलचक आयडी असतील तर शेवटचे आकडे बदलतील, आणि ग्राहकाला दुसऱ्याचीच ऑर्डर उघडताना दिसेल. ते स्ट्रिंग म्हणून पाठवा.

नावांच्या बाबतीत एक मेख आहे. जॅक्सनला (जावाच्या वस्तूंचं जेसन मजकुरात रूपांतर करणारी लायब्ररी) सगळी फील्ड्स स्नेक केसमध्ये (customer_id सारखी) पाठवायची असं सांगितलं असेल, तर स्कीमा बनवणारा भाग स्वतःचा वेगळा ऑब्जेक्टमॅपर (हे रूपांतर करणारी वस्तू) वापरतो हे लक्षात ठेवा. सर्व्हिस पाठवते एक नाव, फाइलमध्ये दुसरंच. तुमचाच ऑब्जेक्टमॅपर देऊन मॉडेलरिझॉल्व्हरचा बीन (स्प्रिंगने सांभाळलेली वस्तू) बनवला की हे मिटतं. तुम्ही स्वतः लिहिलेले सीरियलायझर (एखाद्या टाइपच्या रूपांतराचा खास कोड) मात्र तरीही अदृश्यच राहतात. रक्कम बिगडेसिमलमध्ये ठेवून स्ट्रिंग म्हणून पाठवत असाल तर ते हाताने सांगावं लागेल.

एररची उत्तरं. कंट्रोलरॲडव्हाइसमध्ये, म्हणजे सगळ्या कंट्रोलरचे (विनंत्या घेणाऱ्या क्लासेसचे) एरर एका जागी हाताळणाऱ्या क्लासमध्ये, तुम्ही ४०४ (सापडलं नाही), ४०९ (आधीच्या स्थितीशी विसंगत) वगैरे हाताळत असाल तर स्प्रिंगडॉक ते वाचतं खरं, पण प्रत्येक एंडपॉइंटला चिकटवतं. म्हणजे शहरांची यादी देणारा एंडपॉइंटही ४०९ देऊ शकतो असं फाइल म्हणते. उलट टोकन तपासणाऱ्या फिल्टरमधून येणारा ४०१ (ओळख पटली नाही), किंवा गेटवेवरून (सर्व्हिसच्या पुढे उभ्या सर्व्हरवरून) येणारा ४२९ (फार विनंत्या), कंट्रोलरपर्यंत पोचतच नाहीत म्हणून फाइलमध्येही येत नाहीत. फास्टएपीआयमध्येही याच जातीची गोष्ट आहे: व्हॅलिडेशनचा ४२२ आपोआप नोंदला जातो, पण फंक्शनच्या आत फेकलेला ४०४ नोंदला जात नाही. मी सरसकट चिकटवणं सेटिंगमधून बंद करतो, सगळीकडे लागू असलेले ४०१ आणि ४२९ एकाच कस्टमायझरमध्ये (निघणारं स्पेसिफिकेशन बदलणारा छोटा कोड) घालतो, आणि प्रत्येक एंडपॉइंटचे खास एरर त्या मेथडवर लिहून घेतो.

आणि ऑपरेशन आयडी, म्हणजे फाइलमध्ये प्रत्येक एंडपॉइंटला मिळणारं नाव. याकडे जवळजवळ कुणी बघत नाही. स्प्रिंगडॉक मेथडचं नाव आयडी म्हणून घेतं. पाच कंट्रोलरमध्ये 'लिस्ट' नावाची मेथड असेल तर पुढच्यांना शेपटाला _१, _२ लागतात. क्लायंट तयार करणारं टूल याच आयडीवरून फंक्शनची नावं ठेवतं. उद्या सहावा कंट्रोलर आला आणि क्रम सरकला, तर भागीदाराच्या कोडमधलं कालचं फंक्शन आज वेगळ्याच एंडपॉइंटला जाऊ शकतं, तेही एपीआयचा एकही पत्ता न बदलता. फाइल बाहेर द्यायच्या आधी कंट्रोलर आणि मेथड मिळून आयडी बनेल असा कस्टमायझर लिहा. हे नंतर करायचं म्हटलं तर सगळ्यांचे क्लायंट मोडतात.

थोडक्यात, पत्ते, मेथड आणि रिक्वेस्टचे नियम यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवा. रिस्पॉन्स, नल, वेळ, एरर आणि आयडी हे सगळं एकदा माणसाने नजरेखालून घालायलाच हवं. आणि दुरुस्ती निघालेल्या फाइलमध्ये कधीच करायची नाही, कोडमध्येच करायची. फाइल हाताने दुरुस्त केलीत की पुढच्या बिल्डला ती दुरुस्ती पुसली जाते, किंवा ती पुसली जाऊ नये म्हणून कुणीतरी फाइल काढणंच थांबवतं.

आता कुलूप लावायचं, म्हणजे सुरुवातीचा लाल बिल्ड. निघालेली फाइल रेपोमध्ये (कोड जिथे ठेवता तिथे) कमिट करा. स्प्रिंगडॉकचं मेवन प्लगइन इंटिग्रेशन टेस्टच्या टप्प्यावर ॲप सुरू करून फाइल उतरवून घेतं. मी मात्र बहुधा स्प्रिंग बूटची एक साधी टेस्ट लिहितो: ती मॉकएमव्हीसीने (टेस्टमधून विनंती पाठवायचं स्प्रिंगचं साधन) स्पेसिफिकेशनच्या पत्त्यावरून जेसन घेते आणि रेपोतल्या फाइलशी ताडून बघते. वेगळी असली तर टेस्ट पडते, आणि डेव्हलपरला नवी फाइल तयार करून तीही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून मर्ज करायच्या विनंतीत) घालावी लागते. दोन गोष्टी सांभाळा. कीज अक्षरक्रमाने लावायचं सेटिंग चालू ठेवा, नाहीतर काही न बदलता फाइल बदललेली दिसेल आणि लोक त्या टेस्टकडे काणाडोळा करायला लागतील. आणि ही टेस्ट नेहमी एकाच प्रोफाइलवर (स्प्रिंगच्या सेटिंगच्या संचावर) चालवा, कारण काही कंट्रोलर ठराविक प्रोफाइललाच लोड होत असतील तर प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी फाइल निघेल.

याचा खरा फायदा रिव्ह्यूमध्ये दिसतो. कुणी क्लासमधल्या एका फील्डचं नाव बदललं तर जावाच्या डिफमध्ये ती एक निरुपद्रवी ओळ असते. त्याच पुल रिक्वेस्टमध्ये स्पेसिफिकेशनचा डिफ समोर आला की रिव्ह्यू करणारा थांबतो आणि विचारतो, 'हे मोबाइलला सांगितलंय का?' माझ्या अनुभवात या एका सवयीने जेवढे अपघात टळतात तेवढे कुठल्याही सुंदर डॉक्युमेंटेशन पेजने टळत नाहीत. त्यापुढे ओएएसडिफ हे टूल सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) घाला. ते मेन ब्रांचवरची फाइल आणि नवी फाइल ताडून, जुना क्लायंट मोडेल असा बदल आहे का ते सांगतं: आवश्यक पॅरामीटर वाढवलं, रिस्पॉन्समधून फील्ड काढलं, अशा गोष्टी.

एवढ्याने फाइल आणि टाइप्स जुळलेले राहतात. सर्व्हिस प्रत्यक्षात तसंच वागते का, हे अजून तपासलेलं नाही. त्यासाठी तुमच्याकडे आधीच असलेल्या इंटिग्रेशन टेस्ट वापरा. ॲटलासियनची स्वॅगर-रिक्वेस्ट-व्हॅलिडेटर ही लायब्ररी मॉकएमव्हीसी किंवा रेस्ट-अशुअर्ड या टेस्टच्या साधनाला जोडली की प्रत्येक टेस्टमधलं उत्तर स्पेसिफिकेशनशी पडताळलं जातं. 'आवश्यक' म्हटलेलं फील्ड आलं नाही, स्ट्रिंगच्या जागी आकडा आला, की टेस्ट पडते. तुमच्या टेस्ट थोड्या असतील तर स्कीमाथेसिस बघा. ते स्पेसिफिकेशन वाचून स्वतःच विनंत्या तयार करतं आणि ५०० किंवा न जुळणारी उत्तरं शोधतं. ते फक्त टेस्टच्या डेटाबेसवर चालवा, कारण ते पोस्ट आणि डिलीटसुद्धा बिनधास्त मारतं.

आता सीनियरच्या यामलबद्दल. दीडशे एंडपॉइंट्सचं यामल हाताने लिहून काढलं आणि ते कोडला कशानेच बांधलं नाही, तर ती वर्ड फाइलचीच नवी आवृत्ती. पण यामल आधी लिहून ओपनएपीआय (स्वॅगर स्पेसिफिकेशनचं आताचं नाव) जनरेटरने त्यावरून जावाचे इंटरफेस काढले आणि कंट्रोलरने ते इंप्लिमेंट केले, तर सही जुळली नाही की कंपाइलच होत नाही. हा भक्कम मार्ग आहे. पुढचं नवं मॉड्यूल त्यांना असं करू द्या. जुन्या दीडशेंवर तो लादला तर चालू सर्व्हिसचे सगळे कंट्रोलर उघडावे लागतील, आणि त्यातून ग्राहकाला काहीच नवीन मिळणार नाही.

सध्या बरेच जण भाषा-मॉडेलला कोड देऊन 'यामल लिहून दे' म्हणतात. ते मेथडच्या आतलं वाचतं, हा त्याचा खरा फायदा आहे: कुठल्या मेथडमधून कुठले एरर बाहेर पडू शकतात, कुठलं फील्ड कधी नल राहतं, याची यादी काढायला मी ते वापरतो. ती यादी तपासून मगच कोडमध्ये टाइप्स आणि ॲनोटेशन्स जातात. अंतिम फाइल मात्र त्याच्याकडून घेऊ नका. त्याच कोडवर दुसऱ्यांदा विचारलं तर मजकूर वेगळा येतो, आणि दरवेळी वेगळी येणारी फाइल ताडून बिल्ड पाडता येत नाही.

अर्थ कुठलंच टूल काढून देणार नाही. 'स्टेटस ३' म्हणजे काय, पेमेंटची विनंती दोनदा गेली तर काय होतं, कन्फर्म करण्याआधी कुठला एंडपॉइंट मारावा लागतो, हे माणसानेच लिहायचं. ते जावाडॉकमध्ये (मेथडवरच्या माहितीच्या कॉमेंटमध्ये) लिहिलंत तर थेरापीच्या लायब्ररीमार्फत स्प्रिंगडॉक ते उचलतं, म्हणजे वर्णन मेथडच्या शेजारीच राहतं. आकड्यांच्या जागी ईनम (नावं दिलेल्या ठराविक किमती) आणलेत तर निम्मं वर्णन लिहावंच लागत नाही.

सुरुवात भागीदारापासून करा. त्यांना दीडशे एंडपॉइंट्स नकोच आहेत, दहा-बारा लागणार असतील. स्प्रिंगडॉकच्या ग्रुपमध्ये तेवढेच वेगळे काढा. सगळी फाइल उचलून देऊ नका. त्यात ॲडमिनचे आणि अंतर्गत कामाचे पत्तेही असतात, आणि ते बाहेरच्या माणसाला का दाखवायचे? त्याच कारणाने प्रॉडक्शनवर स्पेसिफिकेशनचा पत्ता आणि स्वॅगरचा यूआय बंद ठेवा. या दहा-बारांवर वरची सगळी साफसफाई करा, कुलूप लावा, फाइल द्या. मग मोबाइल टीम सर्वांत जास्त वापरते तो भाग घ्या. उरलेल्यांसाठी नियम एवढाच की ज्याला हात लागेल तो सुधारूनच मर्ज होईल.

फाइल पाठवायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, तिच्यातला सर्व्हरचा पत्ता. गेटवेच्या मागे ॲप असेल तर तिथे आतल्या मशीनचं नाव येतं आणि गेटवेने पुढे जोडलेला पत्त्याचा भाग गायब असतो. बाहेरचा खरा पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये स्वतः लिहा. दुसरी, आवृत्ती. स्वॅगर स्पेसिफिकेशन २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनखालच्या ओपनएपीआय इनिशिएटिव्हकडे गेलं आणि त्याचं नाव बदललं, तरी लोक अजून सगळ्यालाच स्वॅगर म्हणतात. त्यांना २.० हवं असेल तर स्प्रिंगडॉक ते देत नाही, वेगळं रूपांतर करावं लागेल. ३.० आणि ३.१ यांत नल लिहायची पद्धतच वेगळी आहे: ३.० मध्ये 'नलेबल' हा वेगळा शब्द आहे, ३.१ मध्ये तो काढून टाइपच्याच यादीत नल लिहितात. एकीकडची फाइल दुसरीकडच्या जुन्या टूलला दिली तर तुम्ही मेहनतीने ठरवलेली नलची माहिती कुठलाही एरर न येता गळून पडू शकते. म्हणून त्यांचं टूल कुठलं आणि ते कुठली आवृत्ती वाचतं हे ईमेलवर विचारून घ्या, आणि उत्तर येईपर्यंत सेटिंगमध्ये ३.० ठेवा.